सोडवलेल्या पोपटांसाठी पक्षीगृह कसं बांधायचं? परवानगी, जागा, जाळी, खाणं – सगळी माहिती एका ठिकाणी

उन्हाळ्याच्या तोंडावर आंब्याच्या, वडाच्या ढोल्यांमधून पोपटाची पिल्लं काढली जातात. बाजाराच्या दिवशी ती पिशवीत झाकून विकली जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या घराच्या ओट्यावर टांगलेल्या पिंजऱ्यात 'मिठू मिठू' सुरू होतं. पुढं कधीतरी वन विभागाची कारवाई होते, नाहीतर पोपट पाळणं गुन्हा आहे असं मोबाईलवर वाचून घरातलीच माणसं घाबरतात. मग एखाद्या सकाळी पिंजऱ्याचं दार उघडून पोपट सोडून दिला जातो. घरच्यांना वाटतं पुण्य लागलं. पण असा पोपट कित्येकदा समोरच्या पत्र्यापर्यंतसुद्धा नीट पोचत नाही. कावळे मागं लागतात, आणि जमिनीवर पडला की कुत्रं नाहीतर मांजर त्याला गाठतं.

कारण साधं आहे. दीड फुटाच्या पिंजऱ्यात वर्षानुवर्षं बसलेल्या पक्ष्याच्या छातीच्या स्नायूत उडायची ताकद उरत नाही. माणूस दमतो तसा तो पाच-दहा फडफडीत धापा टाकतो. त्याला शिक्रा ओळखू येत नाही, उंबर कुठं पिकलाय ते माहीत नसतं, थव्यात कसं राहायचं तेही माहीत नसतं. उलट माणूस दिसला की तो जवळ येतो. म्हणून दार उघडलं म्हणजे पोपट सुटला असं होत नाही. कैद आणि मोकळं आभाळ यांच्या मध्ये एक टप्पा लागतो. तो टप्पा म्हणजे पक्षीगृह – पक्ष्याला खरोखर उडता येईल एवढा लांब, मजबूत आणि शांत जागेतला पिंजरा.

अशी पक्षीगृहं वन विभागाच्या उपचार केंद्रांत आणि परवानगी असलेल्या बचाव केंद्रांत लागतात. गावातली माणसं त्यासाठी जागा, लोखंड, मजुरी देऊ शकतात, बांधकामात हात लावू शकतात. पण नुसती हौस म्हणून बांधलेला पिंजरा पक्ष्यांचा जीव घेतो आणि बांधणाऱ्याला कोर्टात नेतो. त्यामुळं सुरुवात कायद्यापासून.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडं दिसणारे देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. 'आम्ही लेकरासारखा सांभाळतो' हे कारण चालत नाही. कायद्याच्या सर्वसाधारण कलमानुसार ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याच कायद्याच्या कलम ३९ नुसार असा वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. एखादा पक्षी हाती लागला, म्हणजे जखमी सापडला, जाळ्यात अडकलेला मिळाला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तो जवळ ठेवता येत नाही. बचाव केंद्र चालवायचं तर त्याला प्राणिसंग्रहालयाचेच नियम लागू होतात आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते.

याचा सरळ अर्थ असा, की शेतात कितीही मोठा पिंजरा बांधला तरी त्यात परस्पर पोपट आणून ठेवता येत नाहीत. ज्याला काम करायचं आहे त्याने आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा, उपवनसंरक्षक कार्यालयाशी बोलावं आणि जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना भेटावं. सगळ्यात सोपी वाट म्हणजे आधीपासून मान्यता असलेल्या केंद्राला किंवा वन विभागाच्या उपचार केंद्राला जोडून पक्षीगृह उभं करणं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं असं उपचार केंद्र आहे. परवानगी मागायला जाण्याआधी तिथलं काम कसं चालतं याची चौकशी करून घेतली तर पुढचे अर्ज सोपे जातात.

लव्हबर्ड, बजरीगार, कॉकाटील हे परदेशी पक्षी आहेत. त्यांचे नियम वेगळे आहेत. ते या पक्षीगृहात ठेवू नयेत आणि मोकळेही सोडू नयेत.

कोणता पोपट कोणता?

पिंजरा किती मजबूत हवा हे पक्ष्यावर ठरतं. आपल्या भागात जप्तीत साधारण तीन प्रकार येतात.

पहिला आपला नेहमीचा राघू, म्हणजे कीर. शेपटीसह लांबी ४० सेंटीमीटरच्या आसपास, वजन सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास. नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असते. ती यायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून कंठी नाही म्हणजे मादीच असं समजू नये.

दुसरा मोठा पोपट, याला कोणी करण पोपट म्हणतं तर कोणी पहाडी. लांबी ५५ सेंटीमीटरच्या पुढं, चोच जाड लाल आणि खांद्यावर तांबडा डाग. हा बोलतो चांगला म्हणून त्याच्या पिल्लांची चोरी जास्त होते. जगभरातच याची संख्या घटत चालली असून तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोजला जातो. याची चोच पातळ तार सहज तोडते.

तिसरा टुईया पोपट. तीनही जातींत हा लहान, नराचं डोकं जांभळट लाल, मादीचं करडं. भविष्य सांगणाऱ्यांच्या पिंजऱ्यात हा पुष्कळदा दिसायचा.

या तिघांना एकाच पिंजऱ्यात कोंबू नये. मोठा पोपट लहानाच्या पायाला चावतो, नखं तोडतो. जात वेगळी तर कप्पा वेगळा.

जागा कशी निवडायची?

रस्ता, शाळा, मंदिराचा भोंगा, लग्नाचं कार्यालय यांपासून लांब. डीजे आणि फटाक्यांच्या आवाजाने पोपट रात्री अंधारात उधळतात आणि जाळीवर आदळून मरतात. दिवाळी, गणपती, गावची जत्रा यांचा विचार जागा ठरवतानाच करावा.

कोंबड्यांच्या शेडपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जावं. राणीखेत आणि बर्ड फ्लू हे रोग पाळीव कोंबड्यांतून इतर पक्ष्यांत जाऊ शकतात. कोंबड्यांचं काम करणाऱ्याने त्याच कपड्यात, त्याच चपलेत पक्षीगृहात पाऊल टाकू नये.

फवारणी होणाऱ्या बागेला लागून पक्षीगृह नको. द्राक्ष, डाळिंब, कापूस यांच्या फवारणीचं तुषार वाऱ्याने येतं आणि जाळीतला पक्षी उडून लांब जाऊ शकत नाही.

जमीन उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी हवी. जवळ कडुनिंब, बाभूळ, चिंच अशी सावली असली तर उन्हाळा सोपा जातो, मात्र फांद्या पिंजऱ्याला टेकलेल्या नकोत. फांदीवरून साप, मांजर, मुंगूस थेट छतावर उतरतात. सगळ्या बाजूंनी किमान ६ फूट मोकळी, गवत काढलेली पट्टी ठेवावी.

माप: उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची

पोपट सरळ रेषेत, जोरात उडणारा पक्षी आहे. विहिरीसारखा उंच आणि अरुंद पिंजरा त्याच्या काही कामाचा नाही. लांबी जेवढी जास्त तेवढा त्याचा व्यायाम.

कीर पोपटांच्या एका कप्प्यासाठी ४० फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच हे हाताळता येण्यासारखं माप आहे. जागा आणि पैसा असेल तर लांबी ६० फुटांपर्यंत न्यावी. एवढ्या कप्प्यात २० च्या आसपास पक्ष्यांवर थांबावं. सगळे एकदम उडाले आणि एकमेकांवर आदळले तर गर्दी झाली असं समजावं.

४० बाय १२ बाय १० फुटांचा सामानाचा हिशोब असा येतो:

– चार भिंती मिळून १,०४० चौरस फूट आणि छत ४८० चौरस फूट, एकूण १,५२० चौरस फूट जाळी.
– जमिनीत पुरायला चारही बाजूंनी २ फूट पट्टी, म्हणजे आणखी २०८ चौरस फूट.
– कटिंग आणि जोड धरून साधारण १,९०० चौरस फूट. ४ फूट बाय ५० फुटांचा रोल २०० चौरस फुटांचा होतो, म्हणजे १० रोल.
– दर ८ फुटांवर एक खांब. लांबीच्या दोन्ही बाजूंना ६-६ आणि रुंदीच्या बाजूंना मधे एक-एक, असे १४ खांब.
– तळाशी ३ फूट उंचीपर्यंत बारीक जाळीचा दुसरा थर, ३१२ चौरस फूट.

दर गावोगाव वेगळे असतात. हा हिशोब घेऊन तालुक्याच्या दोन-तीन दुकानांत भाव काढावा आणि मगच वर्गणीचा आकडा ठरवावा.

सांगाडा आणि जाळी

सांगाड्याला लाकूड वापरू नये. पोपट ते कुरतडून टाकतो, उरलेलं वाळवी खाते. जीआय पाईप किंवा लोखंडी अँगल घ्यावेत आणि खांब दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये बसवावेत. वळवाच्या वाऱ्याचा जोर छतावर येतो, म्हणून कोपऱ्यांना तिरके टेकू द्यावेत.

जाळी हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नये. ती मोठा पोपट तोडतो, घूस तोडते आणि पिळाच्या तारेत पक्ष्याचं नख अडकून पाय मोडतो. अर्धा इंच बाय अर्धा इंच किंवा अर्धा इंच बाय एक इंच चौकोनाची वेल्डमेश जाळी घ्यावी. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड, हे दुकानात लक्षात ठेवावं. कीर पोपटाला १६ गेज चालते, मोठ्या पोपटाला १४ किंवा त्याहून जाड हवी.

नव्या जाळीवर जस्ताचा थर असतो. त्याचे बारीक दाणे, भुकटी चोचीने खरवडून पोटात गेली की जस्ताची विषबाधा होते. पक्षी सुस्त होतो, हिरवी पातळ विष्ठा टाकतो आणि काही दिवसांत मरतो. म्हणून जाळी लावल्यावर ती व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने ब्रशने घासावी, साध्या पाण्याने धुवावी आणि काही आठवडे ऊन-पाऊस खाऊ द्यावी. मगच पक्षी सोडावेत. तारांचे तुकडे, वेल्डिंगचे कण, खिळे जमिनीवरून चुंबक फिरवून वेचून काढावेत. शिसं असलेला रंग अजिबात वापरू नये.

शत्रू आत येतो तो खालून आणि रात्री

पक्षीगृहाचे खरे शत्रू म्हणजे घूस, उंदीर, धामण, मांजर आणि मुंगूस. घूस जमीन पोखरून आत येते. त्यासाठी जाळी २ फूट खोल पुरावी. खडक लागला तर जाळी बाहेरच्या बाजूला 'एल' आकारात दीड-दोन फूट वळवून वर दगड-माती टाकावी.

अर्ध्या इंचाच्या भोकातून लहान उंदीर आणि सापाची पिल्लं जातात. म्हणून तळाच्या ३ फुटांवर पाव इंची बारीक जाळीचा दुसरा थर द्यावा, आणि बाहेरून त्याच उंचीपर्यंत गुळगुळीत पत्रा लावला तर चढणारा प्राणी घसरतो. खरकटं, सांडलेलं धान्य रोज संध्याकाळी उचलावं. धान्य राहिलं की उंदीर येतो आणि उंदरामागं साप येतो.

रात्री घुबड आणि मांजर जाळीला लोंबकळलेल्या पक्ष्याचा पाय बाहेरून ओढतात. त्यासाठी ज्या बाजूला पक्षी झोपतात तिथं २-३ इंचांचं अंतर ठेवून दुहेरी जाळी लावावी.

दुहेरी दार विसरू नका

एकच दार असलेला पिंजरा म्हणजे पक्षी निसटण्याची हमी. बाहेरचं एक दार, मग ४ बाय ४ फुटांची जाळीची खोली, मग आतलं दार. एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दारं आत उघडणारी आणि स्प्रिंगने आपोआप मिटणारी असावीत. कडीला कुलूप हवंच, कारण पोपट चोचीने कडी उघडायला शिकतो आणि पोपट चोरणारी माणसंही असतात.

एका टोकाला छताजवळ दोन-तीन फुटांची खिडकी आधीच करून ठेवावी, जी बाहेरून दोरीने उघडता येईल. ही सुटकेची खिडकी. तिचं काम शेवटी आहे, पण ती बांधतानाच करावी लागते.

छत, सावली, ऊन-पाऊस

छताचा एक तृतीयांश भाग पत्र्याने झाकावा, पण पत्र्याखाली जाळी राहू द्यावी. पत्रा तापतो, म्हणून वर गवत, पाचट किंवा पऱ्हाट्यांचा थर टाकावा. बाकी छत उघडं ठेवावं. पोपटांना पहिल्या पावसात भिजायला आवडतं आणि भिजून पिसं साफ करणं त्यांना गरजेचं असतं.

आपल्याकडं पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. त्या बाजूची भिंत आणि झाकलेला कोपरा एकत्र ठेवला तर झोडपणाऱ्या पावसात पक्ष्यांना आडोसा मिळतो.

विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो. अशा वेळी मार्च ते जून शेडनेट ताणावी, दुपारी फॉगर किंवा साधा तुषार चालवावा. शेडनेट जाळीच्या बाहेरून लावावी, आतून लावली तर पक्षी ती कुरतडून धागे गिळतात. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसलेला पोपट दिसला की त्याला उष्माघाताचा त्रास होतोय असं समजून लगेच सावली आणि पाणी द्यावं.

बसायच्या फांद्या

बाजारातली गुळगुळीत गोल काठी सगळीकडं लावली तर पायाच्या तळव्यावर एकाच जागी दाब पडून जखमा होतात. कडुनिंब, बाभूळ, पेरू, जांभूळ, बोर यांच्या सालीसकट फांद्या वापराव्यात, काही बोटाएवढ्या तर काही मनगटाएवढ्या. कण्हेर, रुई, धोत्रा, एरंड यांचं काहीही आत नको, ही झाडं विषारी आहेत.

फांद्या दोन्ही टोकांना लावायच्या आणि मधला भाग पूर्ण मोकळा ठेवायचा. अनेक जण हौसेने मधे झोके, झाडं, कमानी लावतात. मग पोपट उडायचं सोडून एका फांदीवरून दुसऱ्यावर उड्या मारत बसतो आणि ताकद येतच नाही. खाण्याची भांडी एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवलं की त्याला दिवसातून कितीतरी वेळा उडावंच लागतं. भांड्याच्या वर फांदी नको, विष्ठा त्यात पडते.

खाणं: मिरची आणि हरभरा डाळीवर पोपट जगत नाही

घरच्या पिंजऱ्यातून आलेला पोपट बहुधा डाळ, मिरची, दूध-पोळी आणि बिस्किटावर वाढलेला असतो. मिरचीने नुकसान होत नाही, पक्ष्यांना ती तिखटच लागत नाही. पण नुसत्या डाळीवर अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. पिसं फिकट होतात, हाडं ठिसूळ होतात. दूध पक्ष्यांना पचत नाही. चहा, मीठ, चॉकलेट, तळलेलं बंद. अ‍ॅव्होकॅडो हे फळ पोपटाला विषासारखं आहे.

द्यायचं काय? ज्वारी-बाजरीची कणसं देठासकट, कोवळा मका, राळा, मोड आलेले मूग-मटकी, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पेरू, बोरं, उंबर, निंबोळ्या, विलायती चिंच, चिंचेचा कोवळा पाला. सूर्यफुलाचं बी थोडंच, कारण त्याने चरबी वाढते. बुरशी लागलेले शेंगदाणे कधीच नाही, त्या बुरशीच्या विषाने यकृत खराब होतं.

शेतकऱ्यांसाठी एक खास सूचना. पेरून उरलेलं बियाणं दान म्हणून पक्षीगृहाला देऊ नये. त्यावर बीजप्रक्रियेचं औषध असतं. रंगीत दिसणारं बी थेट बाजूला काढावं.

खाणं फांदीला बांधून, पानात गुंडाळून द्यावं. बाहेर त्याला शोधूनच खायचं आहे, तो सराव इथंच व्हायला हवा. पाणी दिवसातून दोनदा बदलावं आणि अंघोळीसाठी उथळ परात ठेवावी.

नवा पक्षी थेट थव्यात नाही

जप्त होऊन आलेला पोपट आधी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा. पशुवैद्यकाकडून तपासणी, वजन, विष्ठेची तपासणी करून घ्यावी. पोपटांमध्ये चोच आणि पिसं झडवणारा एक विषाणूजन्य रोग असतो. तो एका पक्ष्यापासून सगळ्या पक्षीगृहात पसरतो.

माणसालाही पोपटापासून होणारा एक ताप आहे, त्याला सिटॅकोसिस म्हणतात. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो श्वासात जातो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला येतो. म्हणून झाडण्याआधी जमीन पाण्याने ओली करावी, तोंडाला मास्क लावावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पक्ष्यांचं काम करणाऱ्याला असा ताप आला तर डॉक्टरांना 'पोपटांमध्ये काम करतो' हे आवर्जून सांगावं. वेळेत कळलं तर औषधाने बरा होतो.

ज्यांचे पंख कापलेले आहेत त्यांना घाई नको. कापलेलं पीस वाढत नाही. ते झडून नवीन यावं लागतं आणि त्याला कित्येक महिने, कधी वर्षभर लागतं. नवं पीस येताना त्याच्या देठात रक्त असतं, ते मोडलं तर रक्तस्राव होतो. तोपर्यंत अशा पक्ष्यांसाठी फांद्या खाली, चढून जाता येतील अशा लावाव्यात.

आत कोण जाईल आणि किती बोलेल?

पक्षीगृह म्हणजे सहलीचं ठिकाण नाही. लोक आले की शीळ घालतात, 'मिठू' म्हणून हाका मारतात, सेल्फी काढतात आणि पक्षी माणसाळलेलाच राहतो. सांभाळणारा एक किंवा दोनच माणसं ठरवावीत. त्यांनी गुपचूप आत जाऊन, काम करून बाहेर यावं. बोलू नये, हातातून भरवू नये. लोकांना लांबून बघता यावं म्हणून एका बाजूला बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा करता येतो.

पैदास करायची नाही. पेट्या, मडकी टांगू नयेत. बचाव केंद्राचं काम असलेले पक्षी बरे करणं हे आहे, नवीन पिल्लं काढणं नाही.

प्रत्येक पक्ष्याची वही ठेवावी: कधी आला, कुठून आला, वजन, औषध, मृत्यू किंवा सुटका. वन विभागाला हीच वही दाखवावी लागते.

सोडायची वेळ कशी ओळखायची?

पोपट पूर्ण लांबी पाठोपाठ अनेकदा उडतो आणि धापत नाही. माणूस दिसला की लांब टोकाला पळतो. निंबोळी, उंबर, कणीस स्वतः सोलून खातो. पावसात पिसं चिंब होत नाहीत, थेंब ओघळतात. इतरांबरोबर थव्यात बसतो. ही पाचही लक्षणं दिसली तरच त्याचं नाव यादीत घालावं.

सोडण्याचा निर्णय वन विभागाचा. गुन्हा दाखल असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. सोडताना एकेकटा पक्षी सोडू नये, थवा सोडावा. जिथं त्याच जातीचे पोपट आधीपासून आहेत, जुनी झाडं आणि पाणी आहे, अशीच जागा निवडावी. सकाळची वेळ, निरभ्र दिवस. संक्रांतीच्या आसपास मांजाचा धोका असतो, दिवाळीत फटाक्यांचा. ते दिवस टाळावेत.

मग ती वरची खिडकी उघडायची आणि लांब जाऊन बसायचं. हुसकावायचं नाही. काही लगेच जातात, काही चार दिवस छतावर बसून परत खायला येतात. खिडकीबाहेर फळीवर काही आठवडे खाणं ठेवत राहावं, रोज थोडं कमी करत न्यावं. येणारे कमी होत जातात, तेव्हा पिंजरा आपलं काम करतोय असं समजावं.

जे कधीच उडणार नाहीत त्यांचं काय?

पंख कायमचा मोडलेला, एका डोळ्याने आंधळा, पिल्लापासून माणसातच वाढलेला, असे काही पोपट राहतातच. पिंजऱ्यात राघू २० वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे पक्षीगृह बांधताना एवढ्या वर्षांची जबाबदारी घेतली जाते. आज सरपंच उत्साही आहेत, उद्या दुसरे येतील. महिन्याचं खाणं, औषध, सांभाळणाऱ्याचा पगार कुठून येणार हे लिहून काढता येत नसेल, तर नवं पक्षीगृह बांधण्यापेक्षा चालू असलेल्या केंद्राला धान्य, फळं आणि पैसा देणं जास्त उपयोगाचं. या न उडणाऱ्या पक्ष्यांसाठी वेगळा, बुटका, चढत्या फांद्यांचा कप्पा हवा आणि त्यांनाही जोडीदार हवा. एकटा पोपट स्वतःची पिसं उपटतो.

शेतकऱ्याचं नुकसान हा विषय वेगळा, पण खरा

पोपट ज्वारीच्या कणसावर, सूर्यफुलावर, मक्यावर, पेरू-डाळिंबावर बसतो. जेवढं खातो त्याहून जास्त तोडून टाकतो. नुकसान झालेल्या शेतकऱ्याला पक्ष्याची दया करा असं सांगून भागत नाही. फळबागेला जाळी ताठ ओढून लावली तर पोपट अडकत नाही, ढिली लोंबती जाळी त्याला गुंतवते. अडकलाच तर कापडाने डोकं झाकून धरावा, म्हणजे चावत नाही आणि शांत होतो. धागा ओढू नये, कात्रीने कापावा. राखणीचा जुना रिवाज, चमकती पट्टी, कणसांवर कागदी पिशव्या हे उपाय आलटून पालटून केले तरच चालतात. विष किंवा फासा लावणं हा गुन्हा आहे.

प्रत्येक गावाला आजच करता येईल असं

पक्षीगृह सगळ्यांना बांधता येणार नाही, पण तिथं पोपट जाण्याची वेळच येऊ न देणं सगळ्यांना जमतं. कीर पोपटाचा विणीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. मादी झाडाच्या ढोलीत चारेक अंडी घालते, तीन-साडेतीन आठवड्यांत पिल्लं निघतात आणि सहा-सात आठवड्यांनी उडतात. हेच चोरीचे महिने. या काळात ढोलीच्या झाडाखाली अनोळखी माणसं, शिडी, पिशवी दिसली तर लगेच कळवावं. ढोली असलेला जुना आंबा, वड, पिंपळ बांधावर राहू द्यावा. पोपटाला स्वतः भोक कोरून घर करणं फारसं जमत नाही, त्याला जुनं झाडच लागतं.

घरात पोपट असेल तर तो परस्पर सोडू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका. वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं, ढोली हाताला येण्यासारखी असेल आणि पिल्लू जखमी नसेल, तर ते परत ढोलीत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा गैरसमज आहे. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात कापडावर, अंधारात, उबेत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू मरतं. बाकी काम वन विभाग आणि पशुवैद्यकावर सोडा.

ही माहिती आपल्या गावाच्या ग्रुपवर पाठवा. विणीच्या हंगामाआधी वाचली गेली तर एखादी ढोली वाचेल.